बूस्ट कंट्रोलर बसवायला अर्धा तास, त्याआधी दोन रविवार

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीच्या एका तरुणाने २००६ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, सेकंडहँड घेतली आहे. बॉल-स्प्रिंगचा एक मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर त्याने ऑनलाइन मागवला आहे (बूस्ट म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब). मित्र म्हणतो, टर्बोच्या पाइपमध्ये घाल, दोन आटे पिळ, गाडी उडेल. तो कुठे बसवायचा, बूस्ट सांभाळणाऱ्या कंपनीच्या एन-७५ व्हॉल्व्हचं काय करायचं आणि किती बूस्टपर्यंत जायचं, असं त्याने विचारलं आहे.

पाइपमध्ये घाल, इथवर मित्राचं बरोबर आहे. ते 'दोन आटे' ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. विद्याविहारला गॅरेज टाकून मला वीस वर्षं होऊन गेली. माझ्या टेबलाच्या खणात एक पिस्टन पडलेला असतो, वरच्या दोन रिंगांच्या मधली भिंत एका बाजूने तुटलेला. गाडी माझी होती, हातही माझाच होता. त्याची गोष्ट पुढे येईल.

आधी हे यंत्र करतं काय ते समजून घ्या. टर्बो आपणहून कुठे थांबत नाही. जितका धूर, तितका तो फिरतो. जितका फिरतो तितकी हवा इंजिनात कोंबतो (धुराने फिरतं ते टर्बाइन, हवा कोंबतो तो कंप्रेसर). जितकी हवा तितका धूर. हे चक्र तोडायला वेस्टगेट असतं. टर्बाइनच्या बाजूला एक छोटी झडप, ती उघडली की धूर टर्बाइनला वळसा घालून सरळ सायलेन्सरकडे जातो. ही झडप ढकलतो डब्यासारखा दिसणारा ॲक्च्युएटर. त्यात रबराचा पडदा, मागे स्प्रिंग, पुढे दांडा. कंप्रेसरच्या तोंडापासून एक बारीक पाइप या डब्यात येतो. दाब स्प्रिंगला भारी पडला की दांडा सरकतो, झडप उघडते, बूस्ट तिथेच थांबतो.

तुमचा कंट्रोलर या बारीक पाइपमध्ये बसतो. आत एक गोळी, मागे स्प्रिंग. ठरावीक दाब होईपर्यंत गोळी रस्ता अडवून धरते. ॲक्च्युएटरला वाटतं, अजून काहीच झालेलं नाही. म्हणजे हे यंत्र हवा वाढवत नाही, खबर उशिरा पोचवतं. वाढवतो टर्बोच, कारण त्याला थांबवणारा झोपलेला असतो. म्हणून टर्बो लवकर भरतो, पिकअप चटकन येतो, आणि म्हणूनच पाइप निसटला किंवा गोळी अडकली तर बूस्टला वरची मर्यादा उरत नाही. त्याच तर्काने, स्प्रिंगच्या दाबाखाली बूस्ट आणणं कुठल्याच कंट्रोलरला जमत नाही.

आता तुमची गाडी. यातला ॲक्च्युएटर साधारण ०.३ ते ०.३५ बारला हलायला लागतो, पण कंपनीची गाडी अर्धा बार किंवा जरा वर चालते. हा फरक भरून काढतो एन-७५. त्याला तीन तोंडं असतात: एक कंप्रेसरकडून, एक ॲक्च्युएटरकडे, तिसरं टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपकडे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याला सेकंदाला कितीतरी वेळा उघडबंद करून ॲक्च्युएटरकडे जाणारा थोडा दाब तिसऱ्या तोंडाने सोडून देतो. म्हणजे खबर उशिरा पोचवायचं काम कंपनीने आधीच केलंय, फक्त ते करणाऱ्याला आरपीएम, हवेचं तापमान आणि नॉकिंग (आतलं मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकाठोक) दिसतं. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ च्या सुमारास आपल्या टर्बो गाड्यांत हीच पद्धत आणली होती: नॉक सेन्सरने ऐकायचं आणि सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेने, बूस्ट कमी करायचा, म्हणजे कुठल्याही दर्जाचं पेट्रोल चालेल. तुम्ही आज काढायला निघालाय तो एन-७५ त्याच घराण्यातला. त्याच्या जागी येणारी गोळी आंधळी आहे, एवढं लक्षात असू द्या.

तरी बसवायचाच असेल तर बसवू. पण पहिला खर्च गेजचा.

बूस्ट गेज नसेल तर कंट्रोलर खोक्यातच राहू दे. 'गाडी ओढतेय' हे मोजमाप नव्हे. ०.७ आणि १.० बारमधला फरक पाठीला कळत नाही, पिस्टनला कळतो. गेजचा पाइप इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या, ॲक्च्युएटरच्या पाइपवरून घेऊ नका. तिथे कंट्रोलरने अडवलेला दाब दिसेल आणि तुम्ही खुशीत आणखी पिळाल. शिवाय फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्या वाचणारा व्हीसीडीएससारखा स्कॅनर लागेल. त्यात ११५ नंबरच्या ब्लॉकमध्ये ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्षातला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतात. हे आकडे मिलिबारमध्ये आणि वातावरणाच्या दाबासकट असतात. म्हणजे १५५० दिसलं तर बूस्ट ०.५५ बार. परवा एकजण 'माझी गाडी दीड बार मारते' म्हणून छाती काढून आला होता, त्याला बसवून चहा पाजावा लागला. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय, टायरवाल्याला आपण बत्तीस सांगतो तोच पीएसआय.

दुसरं काम, ॲक्च्युएटर तपासायचा. त्याचा पाइप काढा, गेजवाला हातपंप लावा आणि हळूहळू दाब द्या. दांड्यावर मार्करने एक रेघ मारून ठेवा. ०.३ च्या आसपास रेघ सरकायला हवी, जोर वाढवला की आणखी पुढे जायला हवी आणि हात थांबवल्यावर काटा मिनिटभर तिथेच राहायला हवा. काटा खाली उतरत असेल तर आतला पडदा फाटलाय. अशा गाडीवर कंट्रोलर लावणं म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर मोठा करण्यासारखं. दांडा अडखळत सरकत असेल तर झडपेच्या पिनला गंज आहे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत वीस वर्षांच्या गाडीला तो असतोच.

तिसरं, हवेची गळती. या गाड्यांचे रबरी पाइप आता बिस्किटासारखे झालेत. नळाच्या सामानाच्या दुकानातून पीव्हीसीची टोपी घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर मीटरच्या पुढचा पाइप सोडून त्याच्या तोंडावर ती टोपी क्लॅम्पने आवळा आणि टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरने सावकाश अर्ध्या बारपर्यंत हवा भरा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे, तिथे काम. दहापैकी आठ गाड्यांत इथेच काहीतरी सापडतं. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा, ब्रीदरचा चिरलेला पाइप, इंटरकूलरचा (तापलेली हवा थंड करणारी जाळी) ढिला क्लॅम्प. गळती काढल्यावर निम्मी माणसं 'आता कंट्रोलर नको' म्हणतात, कारण हरवलेला पिकअप तिथेच पळत होता.

प्लगकडेही बघा. बूस्ट वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं. एनजीकेचे बीकेआर७ई या इंजिनाला एक घर थंड पडतात, म्हणजे टोकाचा ताव लवकर सोडतात, गॅप ०.७ मिलिमीटर ठेवा. प्लगला वीज देणारी कॉइल हा या इंजिनाचा जुनाच रोग आहे, एखादी स्पेअर डिकीत ठेवाच. क्लच सेकंडहँड गाडीत आधीच दमलेला असेल तर बूस्टच्या आधी तोच हात वर करेल.

आता फिटिंग. टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला आहे. इंजिन थंड असताना, सकाळी हात घाला, संध्याकाळी कोपर भाजतं. पाइप आणायला नागदेवी स्ट्रीटला जा. आतून ४ मिलिमीटरचा, जाड भिंतीचा सिलिकॉन पाइप मागा. पातळ पाइप गरम झाला की फुगतो आणि फुगलेला पाइप गेजचा काटा नाचवतो. मत्स्यालयाचा पारदर्शक पाइप लावून आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. त्यावर बोलत नाही.

कंप्रेसरच्या तोंडाकडून एन-७५ कडे जाणारा पाइप काढून तो कंट्रोलरच्या आत जाण्याच्या तोंडाला लावा. कंट्रोलरमधून निघणारं तोंड सरळ ॲक्च्युएटरला. बाण असेल तर तो ॲक्च्युएटरकडे. बाण नसेल तर अंदाज नको, बारीक भोक शोधा: ते ज्या अर्ध्या भागात आहे ती ॲक्च्युएटरची बाजू. ॲक्च्युएटरकडच्या अर्ध्या भागात टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. ते मॅन्युफॅक्चरिंगचा डिफेक्ट समजून एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. पाय काढल्यावर ॲक्च्युएटरमध्ये अडकलेली हवा त्या भोकातून निघून जाते. ते बुजलं तर वेस्टगेट उघडंच राहतं आणि गिअर बदलल्यावर गाडी सुस्त पडते. पावसाळ्यात चिखलानेही तेच होतं, म्हणून भोक खालच्या बाजूला ठेवा आणि कंट्रोलर चाकाच्या कमानीजवळ लावू नका. एअर फिल्टरच्या डब्यामागे चांगली जागा आहे. हात पोचतो, टर्बोचा ताव लागत नाही. पाइप मात्र शक्य तितका आखूड ठेवा. लांब पाइप म्हणजे खबर आणखी उशिरा, आणि त्या उशिरात बूस्टचा काटा एक झटका वर मारून खाली येतो.

एन-७५ चं इलेक्ट्रिकचं सॉकेट काढू नका, व्हॉल्व्ह जागेवर तसाच लटकू दे. सॉकेट काढलं की चेक लाइट लागते. त्याच्या तिसऱ्या तोंडाचा पाइप इनटेकच्या ज्या निपलवर येतो, ते निपल मोकळं राहिलं तर टर्बो तिथून न गाळलेली, न मोजलेली हवा ओढेल. रबरी टोपी घालून वर क्लॅम्प लावा.

आणि आता पिस्टनची गोष्ट. माझ्या जुन्या गाडीवर मी ॲक्च्युएटरच्या निपलवरचा पाइप प्लॅस्टिकच्या झिपटायने बांधला होता. घरी एवढाच साठा होता, क्लॅम्प आणायला उद्या जाऊ म्हटलं. तो 'उद्या' तीन आठवडे आला नाही. कसारा घाटात, वर चढताना, तिसऱ्या गिअरला गाडी अचानक अशी निघाली की मीच खूश झालो. ट्रकला ओव्हरटेक करत होतो, काट्याकडे बघितलंच नाही. मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, दोन-तीन सेकंद, आणि मागे निळा धूर. टर्बाइनच्या तावाने टाय मऊ होऊन सुटला होता, पाइप बाजूला लोंबत होता. वेस्टगेटला खबर मिळायचीच बंद झाली. इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली भिंत तुटलेली. तेव्हापासून टर्बोच्या वीतभर अंतरात माझ्या गॅरेजात स्टीलचा क्लॅम्प सोडून काही लागत नाही.

सेटिंग करताना स्क्रू पूर्ण ढिला करून सुरुवात करा. बॉल-स्प्रिंगमध्ये पिळलं की बूस्ट वाढतो. नुसता दाब गळवणारे जे बारीक नळासारखे कंट्रोलर मिळतात त्यांत बहुधा उघडलं की वाढतो. एकाची सवय दुसऱ्यावर चालवू नका. पहिल्या फेरीला गाडी आधीपेक्षा मंद वाटेल. घाबरू नका, एन-७५ बाजूला झालाय आणि तुम्ही फक्त स्प्रिंगच्या दाबावर आहात. नंतर पाव आटा, एक फेरी, आकडा वहीत. पुन्हा पाव आटा. लॉकनट प्रत्येक वेळी आवळायचा, नाहीतर खड्ड्यांनी स्क्रू आपला आपण फिरतो, आणि आपल्याकडे खड्ड्यांना तोटा नाही.

फेरी म्हणजे तिसऱ्या गिअरला २५०० ते ४५०० आरपीएम, पाय पूर्ण दाबून, शेजारी स्कॅनर बघायला दुसरा माणूस. अटल सेतू किंवा ईस्टर्न फ्रीवे यासाठी नाही. कॅमेरे आहेतच, शिवाय मागून येणाऱ्याला तुमच्या वहीशी देणंघेणं नसतं. ज्याला परवडतं त्याने डायनो (गाडी जागीच पळवून ताकद मोजायचं यंत्र) तासभर भाड्याने घ्यावा. नाहीतर पहाटे एखाद्या रिकाम्या चढावर. चढावर लोड जास्त आणि वेग कमी, दोन्ही आपल्या फायद्याचं.

किती बूस्टपर्यंत? तुमच्या गाडीत कंपनीचंच सॉफ्टवेअर असेल तर मी ०.६५ च्या पुढे जाणार नाही. कारण दोन आहेत. पहिलं, ईसीयू मागितलेला आणि मिळालेला बूस्ट सतत ताडून बघतो. मिळालेला फार वर गेला की १७९६३, म्हणजे पी १५५५, हा कोड येतो, थ्रॉटल आवळला जातो आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या ताकदीवर, पडते. गोरेगावच्या फ्लायओव्हरवर मधल्या लेनमध्ये हे झालं तर तुम्हाला मित्राची आठवण येईल. दुसरं म्हणजे ताव. टर्बो छोटा आहे, के०३. मे महिन्यात बोनेटखाली आत शिरणारी हवा ४० अंश धरा. ०.६ बारला कंप्रेसरमधून ती साधारण १०० अंशांवर निघते. १ बारला १४० ते १५०, कारण छोटा टर्बो तिथे दमतो आणि दाबण्यापेक्षा जास्त तापवतो. कंपनीचा इंटरकूलर बंपरच्या एका कोपऱ्यात, पुस्तकाएवढा. सायनच्या सिग्नलला दहा मिनिटं एसी लावून उभं राहिल्यावर तो थंड काय करणार? जानेवारीत पहाटे लोणावळ्याकडे जुळवलेलं सेटिंग मे महिन्यात दुपारी नॉकिंग करतं. म्हणून सेटिंग उन्हाळ्यात आणि गरम इंजिनावर करायचं.

नॉकिंग कानाने कळेपर्यंत थांबू नका. २० नंबरच्या ब्लॉकमध्ये चारही सिलेंडरचं इग्निशन किती अंश मागे ओढलं जातंय ते दिसतं. अधूनमधून तीन अंश दिसले तर चालतं. सहाच्या वर सतत जात असेल तर मी अर्धा आटा मागे येतो आणि विषय संपवतो. एकाच सिलेंडरला जास्त दिसलं तर त्याचा प्लग आणि इंजेक्टर बघा.

पेट्रोल ९५ किंवा वरचं, एक्सपी ९५ वगैरे, आणि सेटिंग ज्यावर केलं तेच पुढेही. ९९-१०० ऑक्टेन भरून सेटिंग करायचं आणि सोमवारपासून साधं भरायचं, हा खेळ फार जणांनी केलाय. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन चांगला असतो हे खरं, पण तेवढ्याच हवेला इंधन साधारण आठ टक्के जास्त लागतं. इंजेक्टरमध्ये जी थोडी शिल्लक होती ती तिथेच खर्च होते. वाइडबँड, म्हणजे धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा मीटर, लावणार असाल तर तो लॅम्डावर (१ म्हणजे हवा आणि इंधन बरोबर जुळलेलं) वाचा: फुल बूस्टला ०.८० ते ०.८५. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे जुनं गणित या पेट्रोलला लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. कंट्रोलरवाली गाडी अर्ध्या पायाला विचित्र चालते. ॲक्च्युएटरला आधी खबरच नसल्याने अर्ध्या थ्रॉटललाही बूस्ट एकदम चढतो. रिकाम्या रस्त्यावर मजा, घाटकोपर ते अंधेरी रोज करणाऱ्याला महिनाभरात वैताग. याच कारणाने तुमच्या गाडीला मी चांगला रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधला बदल, सुचवतो. एन-७५ जागेवर ठेवून ईसीयूकडूनच जास्त बूस्ट मागवायचा. इंधन आणि इग्निशन दोन्ही त्याच्याबरोबर चालतात. कंट्रोलर शोभतो जुन्या, साध्या गाड्यांना, जिथे एन-७५ सारखं काही नसतंच.

हे वाचून कोणी स्विफ्टच्या डिझेलवर लावायला जाऊ नये. डिझेलमध्ये नुसती हवा वाढवून ताकद येत नाही, डिझेल वाढवावं लागतं, आणि ९० पीएसच्या १.३ मल्टीजेटसारख्या इंजिनांत व्हेरिएबल जॉमेट्रीचा (आतली पाती फिरवून बूस्ट सांभाळणारा) टर्बो आहे, तिथे ही गोळी काहीच करत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या नव्या १.० टीएसआय पेट्रोल इंजिनात वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटर हलवते. कापायला पाइपच नाही.

कायद्याचं दोन ओळीत: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या दिवशी वर येतो. हे धरून ठरवा.

या रविवारी फक्त गळती आणि ॲक्च्युएटर बघा, कंट्रोलरला हात लावू नका. कंपनीच्या सेटिंगवर तीन फेऱ्या मारा आणि ११५ व २० नंबरचे आकडे लिहून पाठवा, तापमान आणि वेळेसकट. मागितलेलाच बूस्ट मिळत नसेल तर पुढचं बोलणं वेगळं होईल.